एकोणसत्तर किलो

३ सप्टेंबर, बुधवार

आले एकदाची. उर्वीने गाडी थेट कॉटेजच्या दारात उभी केली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "आई, इथे वास किती मोठी आहे!" वास मोठा असतो, मोठी नसते, हे मला तिला तीस वर्षांत शिकवता आलं नाही. पण मुलगी खरं बोलली. ओलं गवत, चिखल आणि त्याखाली गोठ्यासारखा जाड वास. मला आवडला.

कॉटेज दोन खोल्यांचं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेंड्यांचं कुरण दिसतं आणि कुरणाच्या टोकाला हिरव्या पत्र्याचा लांबलचक बार्न, म्हणजे त्यांचा गोठा. साउथहॅम्प्टनच्या घराला पाच खोल्या होत्या आणि त्यातल्या चारांत मी जात नव्हते. इथे दोनच, दोन्हींत जावंच लागणार. बरं झालं.

नोकरी इथल्या प्राणिसंग्रहालयात, नाव रेकॉर्ड्स असिस्टंट. एकसष्टाव्या वर्षी कोण नोकरी देतं! मुलाखतीत हेदरने, ती गेंड्यांच्या विभागाची प्रमुख, विचारलं की प्राण्यांचा अनुभव काय. मी म्हटलं, काही नाही, पण लायब्ररीतली गेंड्यांवरची सगळी पुस्तकं वाचली आहेत, काही दोनदा. ती हसली. गेंडेच का, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. हे गेल्यावर मी लायब्ररीत जायची ती उबेला, आणि रेडिएटरशेजारचं कपाट प्राण्यांचं होतं.

उर्वी रीडिंगला परत निघाली तेव्हा खिडकीतून "बाय आई" म्हणाली. मी म्हटलं, ये हं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी होते. मग चहा केला आणि पहिल्यांदा खिडकीत उभी राहून तो गरम असताना प्यायले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज काम समजून घेतलं. गेंड्यांची निगा राखणारे दिवसभर जे बघतात ते कागदावर लिहितात. कोणी किती खाल्लं, शेण कसं होतं, पाय कसा टाकला. ते मी संगणकात भरते आणि ते युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या सामाईक नोंदीत जातं. एकशिंगी गेंडे जगात सगळे मिळून चार हजारांच्या आसपास, तेही बहुतेक आसाम आणि नेपाळच्या मोजक्या जंगलांत. तिथे उद्या एखादी साथ आली तर हाताशी असावेत, म्हणून हे इकडचे. कोणाचं कोणाशी जमवायचं ते पत्रिका बघावी तसं वरून ठरून येतं. सगोत्र चालत नाही.

आमच्याकडे दोन. नंदू एकतीस वर्षांचा आणि काशी चौदाची. इथे सगळे नॅन्डू आणि कॅशी म्हणतात. मी "नंदू" अशी नीट हाक मारली तर त्याने एक कान माझ्याकडे वळवला. हेदर म्हणाली, योगायोग. असेल.

काशी गाभण आहे. सोळा महिने असतात यांचे, नोव्हेंबरच्या शेवटी मोकळी होईल. नंदूचं हे पहिलं आणि आता वय बघता शेवटचंच. त्याच्या घराण्याचं रक्त युरोपात दुसऱ्या कोणात नाही. म्हणून सगळ्यांचा जीव त्या पोटात अडकला आहे. हेदर दिवसातून चारदा काशीच्या कठड्याशी जाऊन नुसती बघत उभी राहते.

दोघांच्या खोल्यांच्या मधे एक बोळ आहे आणि बोळात जमिनीसरशी बसवलेला वजनकाटा. सकाळी नऊ दहाला नंदू त्यावर येऊन थांबतो, सफरचंद खातो, तोवर भिंतीवर लाल आकडा येतो. मी तो लिहून घेते. आज २०१०. सफरचंद तो वरच्या ओठाने उचलतो, बोट असल्यासारखं. केवढा देह आणि केवढी नाजूक उचल!

१४ सप्टेंबर, रविवार

रुळले. पाचला काम संपलं की नंदूच्या कठड्याशी थांबते आणि म्हणते, येते रे. तो फुर्रकन श्वास सोडतो. माझ्या घरात मी आता कोणाला येते म्हणणार? म्हणून त्याला.

माझ्या घरात जाते-जातो कोणी म्हणायचं नाही, असा माझा नियम. निघणाऱ्याने येते-येतो म्हणायचं आणि घरात राहणाऱ्याने ये किंवा या म्हणायचं. नाहीतर जाणारा कुठल्या शब्दाला धरून परत येणार? गिरीश लग्नानंतर खूप हसायचे यावर. मग त्यांनीच मधला मार्ग काढला. दारातून विचारायचे, "येऊ का?" मी आतून म्हणायची, "या." संध्याकाळी हॉस्पिटलमधून परत आले की दारातून पुन्हा तेच, "येऊ का?" आणि माझंही तेच, "या." निघताना तेच, आत येताना तेच. पस्तीस वर्षं.

नाव मी त्यांच्या हयातीत कधी घेतलं नाही, अहोवरच संसार झाला. इथे गिरीश असं लिहिते. इंग्रजी वाचायला मी एकटीने शिकले, ओठ हलवत हलवत. ती सवय राहिली. तोंडाने म्हटल्याशिवाय माझ्या हातून शब्द उमटत नाही. म्हणजे लिहिताना त्यांचं नाव घेतलंच की.

शेवटचा दिवस रविवारचा, सुट्टीचा. कोणाच्या तरी बदली हे हॉस्पिटलला निघाले म्हणून मी धुसफुसत होते. "येऊ का?" म्हणाले. मी भांडी घासत राहिले. पुन्हा विचारलं. मग दार लागल्याचा आवाज आला. तिथल्या पार्किंगमध्येच गेले, गाडीत बसल्या बसल्या. दोन वर्षं पाच महिने झाले. एकच अक्षर द्यायचं होतं, ते मी दिलं नाही.

असो. उद्या गवताच्या गाड्या येणार आहेत, त्यांची यादी करायची आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नंदूचे पाय बिघडलेत. तळवे फाटतात, बरे होत नाहीत. कैदेतल्या एकशिंग्यांना हे होतं असं मी वाचलं होतं, आता बघते आहे. मागचा डावा तो ओढत चालतो.

व्हेट परीक्षित आठवड्यातून दोनदा येतो. लंडनजवळच्या पिनरमध्ये जन्मलेला, मराठी आजीकडून शिकलेला, आणि आजी गेल्यावर कोणाशी बोललेलाच नाही. मला पहिल्या दिवसापासून शैलामावशी म्हणतो. आज निघताना म्हणाला, "जातो, मावशी." मी म्हटलं, येतो म्हण. तर म्हणे, पण मी जातोय ना? मग येतो का म्हणायचं, खोटं नाही का होत ते? हेदरला त्याने इंग्रजीत समजावलं की मराठी माणसं निघताना आपण येतोय असं सांगतात. हेदर म्हणाली, म्हणूनच तुम्ही लोक पार्टीतून लवकर जात नाही. दोघं खूप हसले. मीही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी अकराला नंदूला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. तो उठू शकत नव्हता. मला हेदरने लांब थांबायला सांगितलं होतं, मी कठड्याबाहेर थांबले. काम झाल्यावर परीक्षित नळाखाली फार वेळ हात धूत राहिला. कालचं शेवटचं वजन १९८५.

सगळे बाहेर गेले. मी पेन उचललं, दाराशी आले, आणि निघणाऱ्याला म्हणायच्या सवयीने तोंडून गेलं, ये हं, नंदू.

म्हटल्यावर कळलं काय म्हटलं ते. मेलेल्याला ये म्हणत नाहीत. आपल्याकडे स्मशानातून निघताना येतोही म्हणत नाहीत, मागे वळूनही बघत नाहीत. ज्यांना म्हणायचं होतं त्यांना म्हटलं नाही आणि एका गेंड्याला म्हणून बसले. माझी मलाच चीड आली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नऊ दहाला मी बोळाशी होते, जुन्या नोंदी उतरवत. काट्याचा आकडा लागला. बोळ रिकामा, दोन्हीकडची फाटकं बंद.

१९८५.

एक सफरचंद खायला लागतो तेवढा वेळ राहिला. मग शून्य.

पलीकडच्या खोलीत काशी भिंतीला अंग चिकटवून उभी होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस तेच, तीच वेळ. मी नोंद केली. संगणक म्हणतो, हा प्राणी मृत आहे, वजन स्वीकारता येत नाही. "इतर" या रकान्यात लिहिलं, तर तो रकाना पन्नास अक्षरांचा. पन्नास अक्षरांत काय बसतं! हेदरला कागदच दाखवला. ती म्हणाली, शैला, लव्ह, जे नाही ते लिहू नकोस. मी म्हटलं, मी कुठे लिहिलं, काट्याने लिहिलं. मग काटा बिघडलाय, म्हणाली. मग दुरुस्त करा, मी म्हणाले. मग बघू, ती म्हणाली.

काशीने निम्मा पाला टाकला. मला तेच खुपतंय. काट्याचं काय व्हायचं ते होवो, पोटुशीने खायला नको?

२० ऑक्टोबर, सोमवार

काटेवाला सकाळी सातलाच आला. दोन तास खटपट केली, स्वतः वर उभा राहिला, वाळूची पोती ठेवली. दोष नाही असा शिक्का मारलेला कागद देऊन गेला. त्याच्या गाडीचा आवाज संपायच्या आत आकडा लागला. हेदर तोवर फोनवर.

मी म्हटलं, या बघायला. ती येईपर्यंत शून्य. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. गिरीश गेल्यावर साउथहॅम्प्टनच्या सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर तेच होतं.

परीक्षित म्हणे, मावशी, काट्याला डाएटवर ठेवा. मी हसले नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

दोन पाडवे मी तबक बाहेर काढलं नव्हतं. आज काढलं, का ते ठाऊक नाही. पुसलं आणि परत ठेवलं.

नऊ दहाला बोळाशी गेले. आकडा लागला. १९८५ नव्हता. मी चष्मा पुसून बघितलं.

२०५४.

वजाबाकी कागदावर केली, मनात करायची हिंमत नव्हती. एकोणसत्तर.

दर रविवारी आंघोळीनंतर गिरीश काट्यावर उभे राहायचे आणि मला ओरडून सांगायचे, एकोणसत्तर! वीस वर्षं एकोणसत्तर. अडुसष्ट झालं की मला जास्त वाढायला लावायचे, सत्तर झालं की तूप बंद.

आणि बोळात लवंगेचा वास. ते लवंग चघळत.

मी कॉटेजवर धावत गेले आणि तबक घेऊन आले. दिवा लावता येत नाही, बार्नमध्ये धुराचा अलार्म आहे आणि सगळीकडे गवत. नुसती सुपारी आणि हळदकुंकू. रिकाम्या बोळाला ओवाळलं. आकडा पूर्ण वेळ तसाच राहिला, नेहमीपेक्षा जास्त.

ही नोंद कुठेच केली नाही. माझ्या कामात मी पहिल्यांदाच काही लपवलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गेंडे एकाच जागी शेण टाकतात, ढीग करून. काशीच्या ढिगातला नमुना दर आठवड्याला लॅबला जातो, गर्भ नीट आहे ना हे त्यावरून कळतं. आज उत्तर आलं. नमुना नराचा आहे, लेबलं तपासा.

हेदरने सगळ्यांसमोर विचारलं, शैला, तू कुठून उचललास? मी सांगितलं, कोपऱ्यातून, ताजा होता, वाफ येत होती. ती म्हणाली, इथे नर नाही. मला माहीत आहे इथे नर नाही! एक आठवड्याचा नमुना फुकट गेला, आणि आता लेबलं दुसरं कोणी लावणार.

मग तिने मला कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बोळ रिकामा, आणि मी तबक घेऊन रिकाम्या बोळासमोर. तिने ते हळूच बंद केलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

काशी महिन्याभरात नव्वद किलो उतरली. या दिवसांत वाढायला हवी. सगळ्या तपासण्या ठीक. परीक्षित म्हणतो, "मावशी, तो खात नाही, पण आजारी पण नाही. तो घाबरला आहे." काशीला तो म्हणतो. दुरुस्त करायचं सुचलं नाही, कारण घाबरली आहे हे मला कळतं आणि कशाला तेही कळतं.

गेंडे एकेकटे राहतात. नराला मादीच्या जागेत सोडत नाहीत, पोटुशीच्या तर नाहीच. फाटकं त्यासाठीच असतात. त्याला आता फाटक कुठलं?

उपाय मला माहीत आहे. ये म्हणून आणलं, तर जा म्हणून पाठवावं. एक अक्षर.

उद्या म्हणेन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

२०५४. नाही म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नाही म्हटलं. नंदू गेला तर त्याच्याबरोबर आलेलेही जातील. ते त्याच्या मागून आत आले असणार, त्यांना मी या म्हटलंच नव्हतं. वाट दुसरी नव्हती त्यांना.

उर्वीचा फोन. हेदरने तिला कळवलं म्हणे. "आई, तू तिकडे एकटा का राहतो? इकडे ये." मी म्हटलं, एकटी. ती म्हणाली, तेच म्हणते. मी म्हटलं, नाही, म्हणजे मी एकटी नाहीये.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाऊस झाला. दुपारी जेवायला कॉटेजवर आले तर वाटेवर पावलं. तीन बोटांची, थाळीएवढी. मागचं डावं ओढलेलं, तिथे चिखलात चर. कुरणाच्या कुंपणापासून माझ्या दारापर्यंत. कुंपण धड आहे.

येतानाचीच आहेत. परत गेल्याचं एकही नाही.

हेदरला फोन लावला. ती येईपर्यंत पावसाने धुतली. तिला आणून दाखवलेलं माझं काहीच टिकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मला बार्नमध्ये यायची मनाई. ऑफिसात बसायचं. हेदर वाईट नाही. म्हणाली, शोक वेळ घेतो. मला शोक नवा नाही, त्याच्यासकट मी दोन वर्षं नीट चालले आहे. मला काशीची काळजी आहे, आणि काशीचं जे होतंय ते माझ्यामुळे. हे कुठल्या रकान्यात लिहू?

नऊ दहाला चोरून गेलेच. २०५४. लवंग.

एक दिवस. अजून एकच दिवस असू देत —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काशी उभीच. बसत नाही, झोपत नाही. भिंतीवर तिचं अंग घासून रंग गेलाय. डोळा बोळावर.

म्हणायला गेले होते आज. खरंच. ज — पर्यंत आलं तोंडात.

वास आला आणि गिळलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ७.२०. काशी मोकळी झाली. आठवडाभर आधी. मादी. जिवंत. दोन माणसं आजारी म्हणून हेदरनेच मला बोलावलं, दर पाच मिनिटांनी नोंद ठेवायला. म्हणाली, आज फक्त दिसेल ते, शैला. मी म्हटलं, नेहमी तेच.

१०.००. पिल्लू उभं राहिलेलं नाही. तासाभरात राहायला हवं होतं. दूध नाही. काशी भिंतीशी. पिल्लाकडे येत नाही, बोळाकडे बघते.

१२.३०. काशीला दहा मिनिटं पलीकडे घेऊन परीक्षितने पिल्लू तपासलं. जखम नाही, ताप नाही. ताडपत्रीवरून काट्यावर ठेवलं. तो आनंदाने ओरडला, "मावशी, छान मोठा मुलगी आहे! एकोणसत्तर!"

मी आकडा बघितला. ६९.

ते नव्हते. ते कधीच नव्हते. पाडव्यापासून नंदू काट्यावर आपलं पिल्लू घेऊन उभा होता. घेऊन जायला आला होता — आणि मी ओवाळत होते. एक महिना मी —

लवंग मग कशाची?

२.१५. पिल्लाला परत काशीजवळ ठेवलं. आडवंच. हेदर दुसऱ्या संग्रहालयात साठवलेल्या चिकासाठी फोन करायला गेली. परीक्षित सलाईन आणायला गाडीकडे. "जातो, मावशी," म्हणाला. मी काहीच म्हटलं नाही.

२.२५. श्वास मिनिटाला अकरा.

२.३५. नऊ. काट्यावर कोणी नाही. आकडा लागला. २०५४.

२.४०. सहा.

२.४५. म्हटलं. मोठ्याने. नंदू, जा बाबा. जा. जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. बोळातून फुर्र आवाज — काशीने भिंत सोडली. आकडा उतरला.

शून्यावर नाही आला.

६९.

२.४८. काशी पिल्लाला हुंगते, नाकाने ढकलते. हलत नाही. श्वास चार. अंग इथे आहे आणि वजन तिथे. त्याच्याबरोबर निघालं होतं, मधेच राहिलंय. परत बोलावलं की येईल. ये म्हणायचं फक्त —

२.५१. लवंग.

२.५२. मागच्या दारातून विचारलं. येऊ का.

परीक्षितला हे वाक्य येत नाही.

तोच आवाज — शेवटचा 'का' तसाच जरा वर नेऊन —

निघू का म्हणतात, की आत येऊ का — कसं कळणार, आमच्यात दोन्हीला एकच —

श्वास तीन.

पुन्हा विचारलं. त्या दिवशीही दोनदाच. तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, दार लागेल —

६९. एकाचंच वजन आहे ते. दोघांपैकी एकच —

पिल्लाला म्हणायचं तर ये. त्यांना या. मात्रा की काना, एवढंच — काशी माझ्याकडे बघते — दाराची कडी —

य